इंजिनाची खटखट थांबवणारा थॉमस मिजली

पंपावर पेट्रोल भरताना ‘ई२०’चा स्टिकर दिसला की जुनी बाईक असलेल्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो. आपल्या इंजिनाला हे झेपेल का? इंजिन बनलं एका पेट्रोलसाठी, आणि मिळतंय दुसरंच. आता हाच प्रश्न जमिनीपासून पाच हजार फुटांवर असताना पडला तर?

बारामतीच्या विमानतळावर वैमानिक व्हायला आलेली मुलं ज्या छोट्या, पंख्याच्या विमानांवर शिकतात, तशी जगभरातली बहुतेक विमानं आजही निळ्या रंगाच्या पेट्रोलवर उडतात. त्याचं नाव १००एलएल. त्यात शिसं असतं. होय, तेच शिसं, जे आपल्याकडच्या गाड्यांच्या पेट्रोलमधून २००० सालीच हद्दपार झालं. मग विमानाच्या टाकीत ते अजून का आहे? आणि पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पना मुळात कोणाच्या डोक्यातून आली?

याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात आहे. थॉमस मिजली ज्युनिअर. हुशार, मेहनती, गमत्या स्वभावाचा इंजिनिअर. त्याने एक प्रॉब्लेम सोडवला, आणि त्याच्या उत्तराची किंमत आपण शंभर वर्षांनंतरही मोजतोय.

यंत्रांच्या घरातला मुलगा

मिजलीचा जन्म १८ मे १८८९ रोजी अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स या गावी झाला. घरात शोध लावणं हा जणू पिढीजात धंदा होता. वडील गाड्यांची चाकं आणि टायर यांवर प्रयोग करायचे. आईचे वडील जेम्स इमर्सन यांनी करवतीचे दात बदलता येतील अशी रचना शोधली होती. मिजली ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात वाढला आणि १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर झाला.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तो जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञांपैकी एक झाला, पण पदवी होती मेकॅनिकलची. केमिस्ट्री तो कामावर शिकला. आजच्या भाषेत सांगायचं तर ब्रँच एक आणि करिअर भलतंच.

पहिली नोकरी डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. मग काही काळ वडिलांच्या टायरच्या धंद्यात. १९१६ मध्ये तो चार्ल्स केटरिंगकडे कामाला लागला आणि त्याची गाडी रुळावर आली. गाडी सुरू करायला हँडल फिरवावं लागू नये म्हणून इलेक्ट्रिक स्टार्टर बनवणारा तो हाच केटरिंग. पुढे ही प्रयोगशाळा जनरल मोटर्सच्या ताब्यात गेली आणि केटरिंग तिथल्या संशोधनाचा प्रमुख झाला.

केटरिंगला तेव्हा एक डोकेदुखी होती. वीज न पोहोचलेल्या शेतांवरच्या घरांसाठी त्याने रॉकेलवर चालणारा छोटा जनरेटर बाजारात आणला होता. तो लोड आला की खटखट वाजायचा. कधी कधी इंजिनच तडकायचं. गाड्यांमध्येही हाच आवाज यायचा आणि लोक केटरिंगच्या इग्निशनला दोष द्यायचे. हे काम त्याने नव्या पोराला दिलं. नॉकिंग का होतं ते शोध.

नॉकिंग म्हणजे नेमकं काय?

बाईक चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ठेवून घाट चढायला गेलात तर इंजिनातून टकटक आवाज येतो. ते नॉकिंग.

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलची वाफ दाबली जाते. मग स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. ठिणगीपासून ज्योत शिस्तीत पसरत गेली पाहिजे, म्हणजे पिस्टनला एकसारखा दाब मिळतो. पण ज्योत पुढे सरकत असताना पलीकडच्या कोपऱ्यातलं, अजून न जळलेलं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं. ते जास्तच तापलं तर ज्योत पोहोचायच्या आधी आपणहून एकदम पेटतं. दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतीवर आदळते. तोच तो आवाज. हे फार वेळ चाललं तर पिस्टनला भोक पडू शकतं.

मिजलीच्या आधी लोकांना वाटायचं की ठिणगी लवकर पडते म्हणून हे होतं. त्याने सिलिंडरमधला दाब मोजणारं उपकरण जोडून दाखवलं की गडबड ठिणगीच्या नंतर होते. म्हणजे दोष इग्निशनचा नाही, इंधनाचा आहे. केटरिंगची सुटका झाली आणि मिजलीला पुढची आठ-दहा वर्षं पुरेल असं काम मिळालं.

यातली खरी मेख समजून घ्या. मिश्रण जितकं जास्त दाबाल, तितकी त्याच पेट्रोलमधून जास्त ताकद मिळते. पण जास्त दाबलं की नॉकिंग होतं. म्हणजे इंजिन किती ताकदवान होऊ शकतं याची मर्यादा लोखंड नाही, पेट्रोल ठरवतं. नॉकिंग थांबवलं तर अख्ख्या मोटार उद्योगाचं कुलूप उघडणार होतं.

लाल पानं आणि आयोडीन

मिजलीचा पहिला अंदाज चक्क एका रानफुलावरून आला. ट्रेलिंग आर्ब्युटस नावाची एक वेल बर्फ पुरतं वितळायच्या आधीच फुलते, आणि तिच्या पानांची मागची बाजू लालसर असते. केटरिंग आणि मिजलीला वाटलं की लाल रंगामुळे पान जास्त उष्णता शोषत असेल. मग इंधनालाही लाल रंग दिला तर? ते लवकर तापून नीट वाफ होईल आणि नॉकिंग थांबेल.

प्रयोगशाळेत लाल रंग शिल्लक नव्हता. हाताशी आयोडीन होतं, तेच ओतलं. आणि नॉकिंग थांबलं! मग बाजारातून खरे लाल रंग आणून घातले. काहीही फरक पडला नाही. म्हणजे रंगाचा काही संबंध नव्हता, करामत आयोडीनची होती. चुकीच्या तर्कातून बरोबर दरवाजा उघडला. कोड लिहिणाऱ्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. भलतीच ओळ बदलतो, बग जातो, आणि तो का गेला हे शोधण्यात पुढचा आठवडा जातो.

आयोडीन महाग होतं आणि धातू खायचं, त्यामुळे ते बाद झालं. पण एक गोष्ट सिद्ध झाली होती. चिमूटभर रसायन इंधनाचा स्वभाव बदलू शकतं.

याच सुमारास पहिलं महायुद्ध अमेरिकेपर्यंत पोहोचलं, आणि मिजलीचा विमानाच्या पेट्रोलशी पहिला संबंध आला. लढाऊ विमानांच्या इंजिनांसाठी त्याच्या गटाने सायक्लोहेक्झेन आणि बेंझिन यांचं मिश्रण तयार केलं. ते चांगलं चाललं, पण मोठ्या प्रमाणात वापरात येण्याआधी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, युद्धच संपलं.

तक्त्यावरून खाली उतरताना

युद्धानंतर शोध पुन्हा सुरू झाला. हाताला लागेल ते रसायन इंजिनात घालून बघायचं. ॲनिलिनने काम केलं, पण वास भयंकर. सेलेनियम आणि टेल्युरियमची संयुगं त्याहून प्रभावी ठरली, पण टेल्युरियमचा लसणासारखा दर्प अंगाला आणि कपड्यांना असा चिकटायचा की धुऊनही जायचा नाही. असली गाडी विकणार कोणाला?

मग मिजलीने अंदाधुंद शोध थांबवला आणि मूलद्रव्यांचा तक्ता समोर घेतला. कोणत्या मूलद्रव्याची संयुगं नॉकिंग किती थांबवतात ते मांडल्यावर एक दिशा दिसू लागली. तक्त्याच्या एका बाजूला, खालच्या रांगांमध्ये असर वाढत जात होता. त्या दिशेने सरकत गेलं की शेवटी शिसं येत होतं.

९ डिसेंबर १९२१ रोजी त्यांनी टेट्राएथिल लेड, म्हणजे टीईएल, इंजिनात घातलं. हे शिशाचं तेलासारखं द्रवरूप संयुग रसायनशास्त्रज्ञांना १८५०च्या दशकापासून माहीत होतं, पण त्याचा काही उपयोग सापडला नव्हता. हजार भाग पेट्रोलला एक भागाहून कमी टीईएल पुरलं. खटखट गायब.

ते चालायचं कसं? सिलिंडरच्या उष्णतेत टीईएल फुटतं आणि शिशाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. न जळलेल्या मिश्रणात आपोआप पेट घ्यायला कारण ठरणारे जे अस्थिर रेणू असतात, त्यांना हे कण वाटेतच निकामी करतात. त्यामुळे मिश्रण ज्योतीची वाट बघत शांत राहतं.

पण लगेच दुसरा बग आला. शिशाचं ऑक्साइड स्पार्क प्लगवर आणि व्हॉल्व्हवर साचायचं. त्यावर उपाय म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीनचं एक संयुग, एथिलीन डायब्रोमाइड, घालायला सुरुवात झाली. ते शिशाला पकडून लेड ब्रोमाइड बनवतं. हे तापल्यावर वाफ होऊन सायलेन्सरवाटे बाहेर जातं. एवढं ब्रोमीन आणायचं कुठून? मिजलीच्या लोकांनी समुद्राच्या पाण्यातून ते काढण्याची खटपट केली, आणि १९३०च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर त्याचा कारखानाही उभा राहिला.

इंजिन स्वच्छ झालं. शिसं मात्र हवेत गेलं.

हाताशी दुसरा पर्याय होता

हा भाग अनेक लेखांत सुटतो. मिजलीला नॉकिंग थांबवणारं आणखी एक इंधन माहीत होतं. ते म्हणजे अल्कोहोल, आजचं इथेनॉल. १९२१ मध्ये त्याने अल्कोहोल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणारी गाडी इंजिनिअरांच्या बैठकीला नेऊन दाखवलीही होती.

मग शिसंच का? अल्कोहोल दहा-वीस टक्के घालावं लागतं, टीईएल काही थेंब पुरतं. अल्कोहोल कुठलाही शेतकरी गाळू शकतो, त्यावर कंपनीची मालकी सांगता येत नाही. टीईएलच्या वापराचं पेटंट मिळत होतं, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक लिटरमागे पैसे येणार होते. तांत्रिक कारण खरं होतं, आणि पैशाचं कारणही तितकंच खरं होतं.

फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन शहरात शिशाचं पेट्रोल पहिल्यांदा विक्रीला आलं. १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून वेगळी कंपनी काढली आणि मालाला नाव दिलं ‘एथिल’. नावात शिशाचा उल्लेख मुद्दाम टाळला होता.

१९२४ चा ऑक्टोबर

शिसं विषारी आहे हे तेव्हा कोणाला माहीत नव्हतं, असं म्हणून मिजलीला सोडून देता येत नाही. शिशाचं विष माणसाला हजारो वर्षांपासून माहीत आहे. टीईएल तर त्वचेतूनही शरीरात शिरतं आणि थेट मेंदूवर परिणाम करतं. १९२३ च्या सुरुवातीला खुद्द मिजलीलाच शिशाची बाधा झाली होती. काम थांबवून, मोकळी हवा घ्यायला तो फ्लोरिडाला जाऊन राहिला होता.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या टीईएल कारखान्यात कामगारांना भास होऊ लागले, काही हिंसक झाले. पाच जण मेले आणि कित्येक रुग्णालयात गेले. डेटन आणि डीपवॉटर इथल्या कारखान्यांतही मृत्यू झाले होते. वर्तमानपत्रांनी गदारोळ केला. न्यूयॉर्कसह काही ठिकाणी या पेट्रोलवर बंदी आली.

३० ऑक्टोबरला मिजली पत्रकारांसमोर आला. त्याने टीईएल स्वतःच्या हातांवर ओतलं, मग त्याची बाटली नाकाखाली धरून सुमारे मिनिटभर वास घेतला, आणि हे रोज केलं तरी आपल्याला काही होणार नाही असं सांगितलं. दीड-पावणेदोन वर्षांपूर्वीच आपण त्याच विषाने आजारी होतो, हे त्याला पक्कं माहीत होतं.

मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला सरकारी परिषद भरली. कामगारांच्या आजारांच्या तज्ज्ञ ॲलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन यांनी कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता. कारखान्यात काळजी घेता येईल, पण रस्त्यावर लाखो गाड्यांतून निघणारी शिशाची धूळ कोण अडवणार? विक्री काही महिने थांबली. मग नेमलेल्या समितीने थोड्या काळाचा अभ्यास करून, बंदी घालण्याइतका पुरावा सध्या नाही असा निष्कर्ष काढला आणि पुढेही तपास चालू ठेवायला सांगितलं. १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. पुढचा तपास मात्र कित्येक दशकं त्याच उद्योगाच्या पैशांवर चालला.

मिजलीचं व्यवस्थापनातलं पद गेलं, पण संशोधक म्हणून त्याची कीर्ती वाढतच राहिली.

विमानांना मिळालेले पंख

शिशाच्या पेट्रोलचा सगळ्यात मोठा फायदा कोणाला झाला असेल, तर विमानांना. विमानात प्रत्येक किलो मोजून असतो. त्याच वजनाच्या इंजिनातून जास्त ताकद हवी, तर मिश्रण जास्त दाबायला हवं, आणि त्यासाठी नॉकिंगला न भिणारं पेट्रोल हवं.

पेट्रोल किती तग धरतं हे मोजायला १९२०च्या दशकाच्या अखेरीस एथिल कंपनीच्याच ग्रॅहम एडगरने ऑक्टेनची मोजपट्टी आणली. आयसोऑक्टेनला १०० गुण, हेप्टेनला ०. पंपावर दिसणारा ९१ किंवा ९५ हा आकडा या मोजपट्टीतूनच आला आहे. १९३०च्या दशकात शेल कंपनीत असलेला वैमानिक जिमी डूलिटल १०० ऑक्टेनच्या मागे लागला. तेव्हा असं पेट्रोल मागणारी इंजिनंच जवळपास नव्हती, तरी कंपनीने ते बनवावं म्हणून त्याने हट्ट धरला. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशातल्या लढाईत स्पिटफायर आणि हरिकेन विमानं १०० ऑक्टेनवर उडत होती, आणि गरज पडली की वैमानिक त्यांच्या इंजिनांना आधीपेक्षा बराच जास्त दाब देऊ शकत होते. त्या पेट्रोलमध्ये मिजलीचं शिसं होतं. त्याच्या शोधाचा हिशोब करताना जमेच्या बाजूला हेही लिहावं लागतं.

फ्रीजचा गॅस, आणि शेवटची वर्षं

मिजलीचा दुसरा मोठा शोध फ्रीजचा. तेव्हाच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे विषारी किंवा पेटणारे वायू असायचे. गळती झाली की माणसं मरायची. केटरिंगने पुन्हा मिजलीलाच कामाला लावलं. त्याने पुन्हा मूलद्रव्यांचा तक्ता काढला, आणि अगदी थोड्या वेळात सीएफसी वर्गातला वायू सापडला, जो पुढे ‘फ्रीऑन’ नावाने विकला गेला. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो वायू छातीत भरून घेतला आणि हळूच सोडून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, दोन्ही एका फुंकरीत दाखवलं.

या वेळी त्याने काही लपवलं नव्हतं. तो वायू माणसाला खरंच निरुपद्रवी होता. तो वर जाऊन ओझोनचा थर खातो, हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी मांडलं. सीएफसी आटोक्यात आणणारा माँट्रियल करार १९८७ चा. पेट्रोलमधलं शिसं आणि फ्रीजचा गॅस, दोन्ही एकाच माणसाचे. पण दोन्हींचा दोष सारखा नाही. एकात धोका माहीत होता, दुसऱ्यात तो कोणालाच माहीत नव्हता.

१९४० मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, मिजलीला पोलिओ झाला आणि पाय निकामी झाले. त्यातही तो इंजिनिअरच राहिला. बिछान्यातून उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्यांची एक यंत्रणा स्वतः बनवली. याच काळात त्याला अमेरिकेच्या रसायन क्षेत्रातले मोठमोठे सन्मान मिळाले. १९४१ मध्ये प्रिस्टली पदक, आणि १९४४ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीचं अध्यक्षपद. २ नोव्हेंबर १९४४ रोजी ओहायोतल्या वर्दिंग्टन इथे राहत्या घरी, त्याच दोऱ्यांमध्ये गळा आवळला जाऊन त्याचा मृत्यू झाला. तो अपघात होता की नाही, याबद्दल दोन मतं आहेत. नावावर शंभराहून जास्त पेटंटं होती. तो गेला तेव्हा जगाच्या नजरेत तो एक हिरो होता.

जुनं इंजिन, नवं पेट्रोल

मिजली गेला, टीईएल राहिलं. आणि त्याचा सगळ्यात गुंतागुंतीचा वारसा जुन्या छोट्या विमानांच्या वाट्याला आला.

पायपर कब विमानातलं ६५ हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल इंजिन किंवा सेसना १५० मधलं १०० हॉर्सपॉवरचं इंजिन घ्या. ही साधी, मिश्रण कमी दाबणारी इंजिनं. त्यांच्यासाठी लाल रंगाचं ८० ऑक्टेनचं पेट्रोल मिळायचं, ज्यात एका लिटरमध्ये फार तर ०.१४ ग्रॅम शिसं असे. मोठ्या इंजिनांसाठी हिरवं १००/१३०, त्यात १.१२ ग्रॅमपर्यंत. दोन-तीन प्रकार साठवणं परवडेना, म्हणून १९७०च्या दशकात मधला मार्ग निघाला. निळं १००एलएल. एलएल म्हणजे लो लेड, कमी शिसं. शिशाची मर्यादा ०.५६ ग्रॅम.

आता गणित करा. हिरव्याच्या तुलनेत शिसं निम्मं झालं, पण लालवर चालणाऱ्या जुन्या इंजिनांना चौपट शिसं मिळू लागलं. ‘कमी’ कोणाच्या मानाने, हा प्रश्न इथे विचारायचा. या इंजिनांमध्ये तापमान कमी राहतं, त्यामुळे ब्रोमीनची ती सफाई नीट होत नाही. स्पार्क प्लगमध्ये शिशाचे बारीक मणी साचतात, व्हॉल्व्ह अडकू लागतात. जुनं विमान सांभाळणारे लोक म्हणून जमिनीवर असताना मिश्रणातलं पेट्रोल कमी ठेवतात, प्लग वेळच्या वेळी काढून साफ करतात. सेसनाने तर १५० नंतर १५२ आणताना १००एलएल पेट्रोल मानवेल असं इंजिन बसवलं.

इंजिन ऑइलची निवडही याच शिशाने ठरवली. जळताना तयार झालेलं थोडं शिसं पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून विमानाचं ऑइल साधारण ५० तासांनी बदलतात, आणि ज्या जुन्या इंजिनात फिल्टर नसून फक्त जाळी असते तिथे २५ तासांनी. नव्या किंवा नुकत्याच उघडून बांधलेल्या इंजिनात रिंगा बसेपर्यंत बहुतेक वेळा साधं खनिज ऑइल, नंतर राख न सोडणारं आणि मळ तरंगत ठेवणारं डिस्पर्संट ऑइल. डब्यावर ‘डब्ल्यू१००’ दिसलं तर ते बाईकच्या २०डब्ल्यू-४० सारखं वाचू नका. इथे डब्ल्यू म्हणजे डिस्पर्संट प्रकार, आणि १०० म्हणजे आपल्या ओळखीचं एसएई ५०. गाडीचं ऑइल घालणं तर सपशेल चूक. त्यातल्या धातुयुक्त रसायनांची राख सिलिंडरमध्ये साचते, तापून लाल होते आणि ठिणगीआधीच मिश्रण पेटवते. १९९०च्या दशकात पूर्ण सिंथेटिक ऑइलचाही प्रयोग झाला. ऑइल वंगण म्हणून उत्तम होतं, पण शिशाचा मळ त्यात नीट सामावेना. चिखल साचून इंजिनं खराब झाली आणि ते बाजारातून मागे घ्यावं लागलं.

मग १००एलएल सोडून गाडीचं साधं पेट्रोल का घालू नये? अमेरिकेत १९८२ पासून काही कमी दाबाच्या इंजिनांना रीतसर परवानगी घेऊन ते घालता येतं, पण एका अटीवर. त्यात इथेनॉल नको. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या टाक्या आणि रबरी सील खराब करतं. आपल्याकडे पंपावर आज ई२० आहे, म्हणजे तो रस्ताच बंद. गंमत बघा. मिजलीने बाजूला ठेवलेलं अल्कोहोल शंभर वर्षांनी गाड्यांमध्ये परत आलं, आणि ज्या विमानांना त्याच्या शिशाची सवय लागली, नेमकी तीच विमानं ते पिऊ शकत नाहीत.

काढून टाकणं इतकं अवघड का?

गाड्यांमधून शिसं गेलं. अमेरिकेत १९९६ पर्यंत, भारतात फेब्रुवारी २००० मध्ये, म्हणजे डेटनच्या त्या पहिल्या विक्रीनंतर बरोबर ७७ वर्षांनी. सगळ्यात शेवटी अल्जीरियात, २०२१ मध्ये. छोटी विमानं राहिली. आज अमेरिकेच्या हवेत मिसळणाऱ्या शिशापैकी सुमारे ७० टक्के याच विमानांतून येतं. लहान मुलांसाठी शिशाची कुठलीही पातळी सुरक्षित मानली जात नाही.

पर्याय येतायत, पण जपून. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने १०० ऑक्टेनच्या एका बिनशिशाच्या पेट्रोलला मंजुरी दिली, आणि २०३० पर्यंत शिसं हटवायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. पण २०२३ मध्ये नॉर्थ डकोटा विद्यापीठाने आपली शिकाऊ विमानं ९४ ऑक्टेनच्या बिनशिशाच्या पेट्रोलवर नेली, तेव्हा काही महिन्यांत व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या झिजू लागल्या, आणि त्यांना पुन्हा १००एलएलवर यावं लागलं. शिशाचा थर तिथे उशीसारखं काम करतो. म्हणजे ज्या गोष्टीसाठी शिसं घातलंच नव्हतं, त्यासाठीही इंजिनं त्याच्यावर अवलंबून झाली होती.

भारतातही हे निळं पेट्रोल बनतं. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीतलं एव्हगॅस बाजारात आणलं, तोवर ते आयात व्हायचं. जानेवारी २०२३ मध्ये आपल्या नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातून त्याची पहिली खेप पापुआ न्यू गिनीला गेली.

आम्ही सॉफ्टवेअरवाले रिलीजच्या आदल्या रात्री एखादा धोका माहीत असूनही ‘पुढच्या व्हर्जनमध्ये बघू’ म्हणतो. बहुतेक वेळा खरंच पुढच्या व्हर्जनमध्ये बघतो. मिजलीचं पुढचं व्हर्जन आलंच नाही, कारण पहिलंच इतकं चांगलं खपलं. मला त्याच्यात राक्षस दिसत नाही. डेडलाइनखाली काम करणारा, बॉसचा लाडका, अफाट हुशार इंजिनिअर दिसतो, ज्याला चुकीची गोष्ट माहीत होती आणि तरीही त्याने पत्रकारांसमोर हात पुढे केले. भीती वाटते ती याचीच, कारण तसा माणूस कुठल्याही ऑफिसात शेजारच्या खुर्चीवर असू शकतो. कधी कधी आपल्याच खुर्चीवर.

पुढच्या वेळी डोक्यावरून एखादं छोटं, घरघरणारं विमान गेलं तर क्षणभर वर बघा. त्या इंजिनातून खटखट ऐकू येत नाहीये. ती मिजलीने थांबवली.